किसनरावांच्या पायथ्याशी

४ जाने., शनि.
सकाळी डॉक्टरांचा फोन. पोखर्णीला लकव्याचा पेशंट आहे, पडून पडून पाठीला जखमा झाल्यात, ड्रेसिंग करायला कुणी मिळेना. "सिस्टर, तुम्ही रिटायर झालात. हात कुठं झालेत?" नाव विचारलं. सांगितलं. मी फोन ठेवला.
तोच माणूस. गेल्या हंगामात ऊस भरलेली ट्रॉली दिव्याशिवाय रस्त्यात उभी करून गेला होता. आमचे हे परभणीहून मोटारसायकलवर येत होते. डॉक्टर इथं नवीन, त्यांना काय माहीत.
उद्या नाही म्हणून कळवायचं.

५ जाने., रवि.
चर्चमध्ये उपासनेत पाळकसाहेब आज्ञापालनावर बोलले. सगळं ऐकलं नाही. मधेच आत एक शब्द उमटला. जा. आवाज वगैरे काही नाही. आवाज असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं. गुडघ्यावर बसून विनवलं, प्रभू, दुसरं काहीही सांग. दुसरं काही सांगितलं नाही.
बाहेर पा.सा.ना विचारलं. म्हणाले, "ताई, दर वेळी देवच बोलतो असं नाही. कधी कधी आपलं दुःखच देवासारखं बोलतं." बरं वाटलं. घराचं कुलूप उघडेपर्यंत टिकलं.

८ जाने., बुध.
गेले.
त्याच्या बायकोनं, कौसाबाईनं, दार उघडलं आणि माझ्याकडं बघतच राहिली. मग पाणी दिलं आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसली. आत आलीच नाही. किसनराव खाटेवर. मोठ्या हाडाचा माणूस, आता नुसता सांगाडा. डावी बाजू गेलेली, बोलणं जड पण समजतं. कंबरेखाली मुठीएवढी जखम, पू. धुतली, मेलेली कातडी कापली, पट्टी बांधली. हात थरथरले नाहीत. त्याचीच भीती वाटली.
"कुठल्या सिस्टर तुमी?"
"गंगाखेडच्या."
ओळखलं नाही.
घरी येऊन हात धूत बसले. जेवण गेलं नाही.

१२ जाने., रवि.
ग्रेसचा पुण्याहून फोन. सांगायचं नव्हतं, सांगून बसले. "आई, त्या माणसाला तू हात कसा लावलास?" म्हटलं, देवानं सांगितलं. पोरगी म्हणाली, "मग देवानं त्या दिवशी पप्पांना का नाही सांगितलं, थांबा म्हणून?"
हेच तर मी वर्षभर विचारत बसलेय.
आणि एक. हे गेल्यापासून एकदाही स्वप्नात आले नाहीत. शेजारच्या सुमनला तिचा भाऊ दिसतो, बोलतो. मला काही नाही. कपाटातल्या कपड्यांनासुद्धा आता नुसता कपाटाचा वास. पा.सा. म्हणतात, ते प्रभूजवळ विसावलेत म्हणून येत नाहीत. विसावू देत. पण एकदा तरी…

२२ जाने., बुध.
जखम भरायला लागली. कडेनं लाल मांस दिसतंय.
संध्याकाळ होत आली होती. मी खाटेच्या पायथ्याशी उभी राहून सामान आवरत होते. किसनराव म्हणाले, "सिस्टरबाई, जरा अलीकडं सरका. त्याला तुमचा धक्का लागायलाय."
"कुणाला?"
"त्यो उभा हाय ना."
मागं भिंत. भिंतीवर खुंटी, खुंटीला टॉवेल.
लकव्यानंतर कधी कधी भास होतात. असे पेशंट पाहिलेत. हेच स्वतःला सांगत बसमध्ये बसले.

२९ जाने., बुध.
आज मीच विचारलं. विचारायला नको होतं.
"दिस कलला की येतो. बोलत न्हाई. रागवत बी न्हाई. चष्मा काढतो आन् सदऱ्याच्या कोपऱ्यानं पुसत बसतो. डावी काच लय येळ पुसतो."
यांच्या चष्म्याची डावी काच घासलेली होती. डाग समजून पुसत राहायचे. मी ओरडायचे, अहो, तो डाग नाही, ओरखडा आहे. हे घराबाहेर कुणाला ठाऊक असणार?
पट्टी सैल बांधली गेली. पुन्हा सोडून बांधली.
लिहायला लाज वाटते, पण लिहिते. भीती नाही वाटली. राग आला. याच्याकडं येतात. रोज येतात.

६ फेब्रु., गुरु.
मुद्दाम उशिराची बस धरली. ड्रेसिंग लवकर उरकून अंधारेपर्यंत थांबले. पायथ्याशी उभी राहिले, बाजूला सरले, जागा करून दिली. काही नाही. किसनराव मात्र तिकडंच बघत होते, कपाळाला घाम.
जा म्हणाला होतास, म्हणून गेले, प्रभू. आता कुणासाठी जाते ते तुला दिसतंच आहे.

१६ फेब्रु., रवि.
पा.सा.ना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "ताई, ते तुमचे दानियलभाऊ नव्हेत. मेलेल्यांच्या मागं जाऊ नका. दुसरी नर्स बघू." मान डोलावली. प्रभुभोजनाची भाकर घ्यायला पुढं गेले नाही. आजारी आहे म्हणून सांगितलं.

२० फेब्रु., गुरु.
जखम बरीच आटली आहे, माणूस मात्र खचतोय. जेवण सोडलंय. कौसाबाईनं नरसिंहाचा अंगारा लावला होता कपाळाला. मी पुसला नाही.
किसनराव म्हणाले, "तुमी किरिस्ताव ना? तुमच्या येशूला सांगा, याला घेऊन जा म्हणावं. ह्यो हितं उभा असला की मला जगता येईना आन् मरता बी येईना."
मी म्हटलं, "पुढच्या खेपेला."
प्रार्थना मागणाऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा पुढची खेप सांगितली. कशी करू? मिटलेल्या डोळ्यांनी माझ्याच माणसाला, जा, म्हणू?

२७ फेब्रु., गुरु.
कौसाबाई बसपर्यंत सोडायला आली. कधी येत नाही. फाट्यावर उभ्या होतो. तिनं रस्त्याकडं बघत सांगितलं, "मी तुमाला पहिल्या दिवशीच वळखलं. दवाखान्यात बघितलं होतं, मयत न्यायला आल्या होत्या तवा."
मग विचारलं, "मग घरात कशाला घेतलंत?"
"तुमचा हक हाय वाटलं. काय करायचं ते करून घ्यावं तुमी. म्हणून भाईर बसत होते."
माझ्या हातात कात्री असायची.
"आन् तुमी नुसतं धुऊन, बांधून जायच्या," म्हणाली. "मला समजंना, तुमी कशाला येता."
बस आली. बरं झालं.
"किसनरावांना सांगितलंत का, मी कोण ते?" चढता चढता विचारलं. तिनं मान हलवली. नाही.

५ मार्च, बुध.
भस्म बुधवार. उपवास. उपासना संध्याकाळी होती, गेले नाही. पोखर्णीला गेले. पा.सा.ना उद्या काय ते सांगेन.
ठरवून गेले होते. आज प्रार्थना करायची. ते हे असोत की भास असो, त्या माणसाला सुटका हवी आहे, आणि मागतोय ते माझ्याकडं. जा म्हणजे नुसतं खाटेपर्यंत जा नव्हतं, एवढं आता समजतंय. पटतंय असं नाही.
ड्रेसिंग झालं. उन्हं उतरली. कौसाबाई आज आत येऊन दाराशी बसली. मी किसनरावांच्या कपाळावर हात ठेवला.
ते पायथ्याकडं बघून म्हणाले, "आज चष्मा पुसत न्हाई. तुमच्याकडं बघायलाय."
माझ्या तोंडून निघून गेलं, "कसे बघतात?"
इतके दिवस किसनराव त्याला त्यो म्हणत होते आणि मीही त्यांच्यासारखंच तो म्हणत होते; आज नवऱ्याला म्हणावं तसं निघालं. त्यांची नजर हळूहळू माझ्यावर आली. माझ्या मोकळ्या गळ्यावर आली. मग कौसाबाईकडं. तिनं पदर तोंडाला लावला.
"सिस्टरबाई," म्हणाले, आणि तोंडाची चांगली बाजूसुद्धा वाकडी झाली. रडू लागले. मी कपाळावरचा हात काढला नाही. काढावासा वाटला होता.
बऱ्याच वेळानं म्हणाले, "आता नका करू पर्थना. ऱ्हाऊ द्या त्याला. त्यांना."
ज्याला सुटका हवी होती तोच नको म्हणत होता. आणि मला तर नकोच होती. किती सोपं होतं उठून येणं.
मी डोळे मिटले. म्हटलं, स्वर्गातल्या बापा. यांचं नाव घेतलं, पूर्ण, लग्नाच्या दिवशी घेतलं होतं तसं. पुढचं वाक्य, यांना तुझ्याजवळ ने, ओठावर होतं आणि येईना. किसनराव थांबले होते. दाराशी कौसाबाई थांबली होती. आणखी कोण थांबलं होतं का, ते बघायला मी डोळे उघडले नाहीत.