बाईसाहेब चढत नाहीत

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

रजा टाकून आईकडे येऊन आठ दिवस झाले. यंदा डोंगरावर गवत फार वाढलंय, म्हणून गावाने वणव्याची तयारी लवकर सुरू केली. मी पन्हळींतला पाचोळा काढला, भिंतीलगतची लाकडं तीस पावलं लांब नेऊन रचली. घरांमागच्या उतारावर सगळ्यांनी मिळून दहा पावलं रुंद पट्टा गवत कापून मोकळा केला, म्हणजे आगीला पुढे यायला काही मिळणार नाही. न्हावीकाकाही विळा घेऊन आले होते. कानामागे जरा बारीक ठेवा, असं येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांना सांगून गेला.

देवळातली घंटा न थांबता वाजू लागली की नदीपलीकडच्या शाळेत जमायचं ठरलंय. उतारावरच्या वयस्कर माणसांना ट्रॅक्टरवाला ट्रॉलीतून नेणार. आपल्याकडे अडचण एकच आहे. आई म्हणते, बाईसाहेब आल्या तरच मी येईन. आणि बाबांच्या कुंभारचाकासाठी अठरा वर्षं माती वाहिलेली ही गाढवीण ट्रॉलीच्या फळीवर खूर ठेवायला तयार नाही. तिचं खाणं रोज ट्रॉलीतच ठेवा, असं ट्रॅक्टरवाल्याने सुचवलं. संध्याकाळी तो ट्रॉली आपल्या अंगणात सोडून जातो. मी वहीत नोंदी ठेवतेय. पहिला दिवस, नुसता वास घेतला. चौथा दिवस, पुढचे दोन पाय.

आईच्या वतीने इतकं सगळं ठरवायचा मला अधिकार आहे का, हा प्रश्न रोज पडतो. मग पुन्हा शिडीवर चढते. भावजयीला आशीर्वाद, आणि मला दोन ओळी लिहायचा आळस करू नकोस.

तुझी ताई


१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या नोंदी हिला वाचून दाखवल्या. ही हसून हसून खुर्चीतून घसरली. लहानपणी मांजर किती वाजता जांभई देतं याचा तक्ता केला होतास, तेही सांगितलं. आता तुझा मान आमच्याकडे फारच वाढलाय.

गंमत सोडून लिहितो. गाढवीण नाहीच चढली तर आईला उचलून ट्रॉलीत ठेव, शिव्या मी खाईन. आणि एकदा ती तिथून निघाली की मी येऊन तिला थेट इकडेच आणतो. आपलं बोलणं झालंच आहे. खोली रंगवून ठेवलीय. तिला आत्ताच काही सांगू नकोस, नाहीतर हलायचीच नाही.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा धाकटा


२३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

नवव्या दिवशी बाईसाहेब चारही पायांनी वर गेल्या होत्या. अंगणात टाळ्या पडल्या. पुढच्या आठवड्यात मात्र त्या एकदम मागे फिरल्या. वर जायच्या, वळायच्या, खाली. माझं कुठे चुकतंय म्हणून सगळी वही चाळली. काल ट्रॉलीमागे गाजराची देठं सापडली. खाली उतरलं की गाजर, असं आई तिला माझ्या पाठीमागे शिकवत होती.

मी विचारलं. आई जराही ओशाळली नाही. या घरात आलेलं पत्र कुणाच्याही नावाचं असो, आधी ती वाचते. तू विसरलास, आणि मीही विसरले. तुझं पत्र तिने माझ्या आधी वाचलं होतं. म्हणाली, आगीची भीती मला तुमच्याइतकीच आहे, पण एकदा का मी इथून निघाले की तुम्ही मला परत येऊ देणार नाही. त्याच्या तिसऱ्या मजल्यावर बसून मी कुणाची वाट बघायची?

तिचं म्हणणं खरं होतं. त्या बेतात मीही होते. काळजीपोटी, असं मी डायरीत लिहिलं होतं. काल ते खोडलं. त्यात निम्मी माझी सोय होती.

तिला परत घरी आणायचं माझं वचन मी देऊन टाकलंय. तुझं तू दे. पत्र तिच्याच नावाने लिही, म्हणजे मला नंतर वाचायला मिळेल.

तुझी ताई


१ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

चुकलो. तुझ्याबद्दल ठरवलं आणि तुलाच विचारलं नाही. रस्ता खुला होईल त्या दिवशी मी स्वतः येऊन तुला तुझ्या घरी पोचवीन. इकडे आणणार नाही. साक्षीदार म्हणून सूनबाईची सही खाली आहे. माझ्यापेक्षा तिच्यावर तुझा विश्वास जास्त, हे मला ठाऊक आहे.

गाजरं बंद कर. पाया पडतो.

तुझा धाकटा


१९ एप्रिल

चि. धाकट्यास व चि. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

शनिवारी दुपारी घंटा वाजली. मी ताटावरून उठले, दार ओढलं, पिशवी घेतली. ट्रॉली दारात लागली, तर बाईसाहेब माझ्याआधी तिच्यात उभ्या. तुझं वचनाचं पत्र आलं त्या दिवसापासून तिला मीच शिकवत होते. ताईच्या वहीला तीन आठवडे लागले, मला तीन दिवस. ताई खोलीखोलीत जाऊन खिडक्या तपासत होती, तिला मी हाक मारून बाहेर काढलं. मागे बघितलं, तर डोंगर काळा झाला होता.

चार दिवस शाळेत काढले. मोकळ्या पट्ट्याशी येऊन आग बसली, म्हणून घरं वाचली. आपलं कुंपण गेलं आणि भट्टीवरचं छप्पर गेलं. कुणाला इजा नाही. न्हावीकाका आता कुणाचे केस कापायच्या आधी त्या पट्ट्याची गोष्ट सांगतात, त्यामुळे रांग लांबते.

तू येत्या रविवारी येणार होतास. पण रस्ता आज सकाळीच खुला झाला, मग मी थांबले नाही. ट्रॉलीतूनच आले. भिंती धुरकटल्यात, कपाटातल्या लुगड्यांनाही वास आहे. ताई भिंती घासतेय. तुम्ही दोघं जुने कपडे घेऊन या, आठ दिवस तरी हात लागतील.

पुन्हा घंटा वाजली तर जाईन. मला न्यायला कुणाला पाठवायची गरज नाही.

आता चुलीवर पाणी ठेवते, तुम्ही येईपर्यंत खुशाल असा.

आई