दर दुसऱ्या रविवारचा पिझ्झा

रवि. ८ ऑगस्ट ९९

रात्रपाळी करून सकाळी घरी. आंघोळ, भाकरी, आडवा झालो. झोप लागते न लागते तोवर आईनं हलवलं, "आरं ऊठ की. पोरगी वाट बघत बसंल." फौंड्रीतली रात्रपाळी आणि कोर्टानं दिलेला रविवार एकत्र आले की माणसाचा पार भुगा होतो.

दर दुसऱ्या रविवारी, चार ते सहा, सार्वजनिक ठिकाणी. कागदावर असं लिहिलंय. आतापर्यंत बागेत बसायचो, आज पाऊस. शैलानं गिरिजाला सोडलं. मोपेडवरून उतरली नाही, इंजिनही चालूच. "भिजवू नका तिला," म्हणाली आणि गेली. घटस्फोटानंतर आमचं बोलणं साधारण एवढंच.

गिरिजाला, म्हणजे गि.ला, खायला कुठं न्यायचं हा मोठा घोळ. शैलाच्या माहेरी अंडंच काय, लसूणसुद्धा उंबरा ओलांडत नाही. आमच्याकडं रविवारी मटण नसलं तर आईला सुतक असल्यासारखं वाटतं. शेवटी राजारामपुरीत एका बंगल्याच्या व्हरांड्यात पाटी दिसली, पिझ्झा, शुद्ध शाकाहारी. खोत म्हणून बाई चालवतात, सगळे काकू म्हणतात. तीन टेबलं आणि एक छोटा गोल ओव्हन.

ऑर्डर दिली आणि डोळा कधी लागला कळलं नाही. उठलो तर गि. समोर चित्र काढत बसलेली, पिझ्झा टेबलावर, वाफा निघतायत. जाड पाव, वर कोबी-गाजर, गोड सॉस. मला काही आवडला नाही. गि. म्हणाली छान आहे.

रवि. २२ ऑगस्ट ९९

परत काकूंकडं. गि.चाच हट्ट. या वेळी खिशात आईच्या कांदा-लसूण चटणीची पुडी नेली. वर भुरभुरली तेव्हा कुठं घशाखाली उतरला. काकू लांबून बघत होत्या, तोंड वाकडं केलं नाही हे त्यांचे उपकार.

आजही झोपलो. दोन तास मिळतात, त्यातला एक घोरण्यात. गि.ला विचारलं, कंटाळलीस का? नाही म्हणाली. आठ वर्षांची पोरं खोटं बोलत नाहीत म्हणे, पण ही माझी पोरगी आहे.

बाईंचा कारभार मात्र भलताच सावकाश. एवढ्या वेळात आम्ही अख्खी भट्टी ओतून मोकळे होतो.

रवि. २३ जानेवारी २०००

काकूंच्या वेगाला कंटाळून कॉलेजच्या कोपऱ्यावर नेलं. तिथं तव्यावर झाकण ठेवून करतात, वर शेव घालतात. चव झकास. बसलो न बसलो तोच प्लेट समोर. खाऊन झालं तरी अजून पाच वाजले नव्हते. मग नुसतेच गल्ल्यांतून फिरलो. पाय ओढत होतो, गि.नं माझी पिशवी धरली.

घरी जाताना मार्क दिले तिनं. कोपऱ्यावरच्याला दहापैकी चार. काकूंना नऊ. का म्हणून विचारलं तर खांदे उडवले. चव कळत नाही पोरीला, अगदी आईवर गेलीय.

रवि. २० मे २००१

गि. सुट्टीला कुरुंदवाडला, शैलाच्या आईकडं. गि. तिला अव्वा म्हणते. आपला रविवार बुडाला. तरी सवयीनं चारला काकूंकडं जाऊन बसलो. घरी बसून आईचं "पोरगी आली न्हाय व्हय?" ऐकण्यापेक्षा बरं.

पेपर उघडला तोवर पिझ्झा हजर. काकूंना म्हटलं, आज एवढ्या लवकर? "आज गर्दी न्हाय की," म्हणाल्या. गर्दी कधी असते इथं? एकटा माणूस दिसला की चटचट देऊन वाटेला लावतात, सरळ आहे. डोकं तापलं. अर्धा ठेवूनच उठलो.

रवि. १६ नोव्हें. ०३

गि. बारा वर्षांची. आता चित्रं नाहीत, पुस्तक घेऊन येते. राजारामपुरीतले आणि आसपासचे सगळे पिझ्झे आमचे खाऊन झाले. बेकरीवाल्याचा (पाव चांगला, चीज नावाला), आइस्क्रीमवाल्याचा (काकडी घालतो, काय म्हणावं), कोपऱ्यावरच्याचा. तिची यादी ठरलेली आहे, काकू एक नंबर, बाकी सगळे खाली. ती यादी बदलायची नाही असं ठणकावून सांगितलंय.

आज ती शाळेतल्या नाटकाचं सांगत होती. तिला सैनिकाचं काम मिळालंय. तिचं बोलणं ऐकता ऐकताच माझे डोळे मिटले. उठलो तर ती पुस्तक वाचत होती आणि पिझ्झा नुकताच आला होता. मी उठतो तेव्हाच येतो नेमका. नाटकाचं पुढं काय म्हटलं, तर म्हणाली, "काही नाही, एवढंच." लाज वाटली. या पोरीला मी दिलंय काय, तर पंधरा दिवसांतून एकदा झोपलेला बाप.

पाळी बदलून मागितली आहे. साहेब म्हणाले बघू.

रवि. ६ मार्च ०५

भारनियमन. दिवसाला किती तास जातात त्याला धरबंध उरलेला नाही. आज काकूंकडं उठलो तेव्हा सव्वापाच झाले होते आणि पिझ्झाचा पत्ता नाही. चिडून विचारलं तर काकू म्हणाल्या, लाईट गेलती. गि.नं मान हलवली, हो पप्पा, आत्ताच आली.

खरं असेल. पण उठलो तेव्हा फ्रीजवरच्या घड्याळाचे आकडे नीट दिसत होते, लाईट गेली की ते शून्यावर येऊन लुकलुकत बसतं. असो. कुणाशी भांडायची ताकद नव्हती. पिझ्झा आला, दोघांनी खाल्ला. गि. आता स्वतःहून चटणी मागून घेते. अव्वाला सांगू नका म्हणाली.

रवि. ४ डिसें. ०५

सहाला शैला न्यायला आली. नेहमीसारखी मोपेड गुरगुरत ठेवून. गि. मागं बसेपर्यंत म्हणाली, "तुम्ही नुसतं झोपता म्हणे."

म्हणजे गि.नं घरी सांगितलं. सांगणारच. ते वाक्य आठवडाभर पाळीत माझ्यासोबत फिरणार.

ठरवलंय. आता झोपायचं नाही आणि काकूंकडं जायचं नाही. त्या रेंगाळतात, तोवर बसल्या जागी माझी मान पडते. नवीन मोठं झालंय ना, काचेचं, एसी, कंपनीचं. पोरांना तसलंच आवडतं. आपण तिला त्या व्हरांड्यात डांबून ठेवलं एवढी वर्षं.

रवि. १८ डिसें. ०५

नवीन ठिकाणी. पोरंपोरी, गाणी, थंडगार. गि.ला म्हटलं बघ, कसं आहे? "चांगलं आहे." पिझ्झा पटकन आला. मी चटणीची पुडी काढली तर पोऱ्या आला, सर, बाहेरचं चालत नाही. गि.चा चेहरा लाल. पुडी खिशात घातली.

झोपायचं नाही म्हणून दोन कॉफ्या. तरी एसीच्या गारव्यात डोळा लागलाच. उठलो तर पिझ्झा गार पडून चिवट झालेला. गि.नं एक तुकडा खाल्ला होता. मागं लोक टेबलासाठी उभे. ती म्हणाली, "चला पप्पा, जाऊया." पाच सुद्धा वाजले नव्हते. तिनंच शैलाला फोन केला, लवकर ये म्हणून.

तिला माझी लाज वाटली. वाटावी अशीच गोष्ट होती.

रवि. ९ एप्रिल ०६

नवीन ठिकाणीच. खाऊन झालं, बिल आलं, उठलो. अर्ध्या तासाचा खेळ. जागा होतो पूर्ण वेळ, पण बोलायला काही सुचेना. अभ्यास कसा? बरा. अव्वा कशी? बरी. गि.नं मध्येच विचारलं, काकूंकडं का नाही जात? म्हटलं, तिथं फार वेळ लागतो.

रवि. ६ ऑगस्ट ०६

आली नाही. दहावीचा जादा क्लास. शैलाचा निरोप. मागच्या वेळी पण क्लासच होता. होणार होतं ते होतंय. कोर्टाच्या कागदावर किती वर्षं पोर येईल? लहान होती तोवर पिझ्झासाठी तरी यायची.

आई म्हणाली, "तू जा की तिच्या घरी." कुठल्या तोंडानं जाऊ?

रवि. १ एप्रिल ०७

गि.ची परीक्षा संपली, ती कुरुंदवाडला गेली. मी बाजारातून येताना काकूंच्या व्हरांड्यावरून गेलो. हाक मारली त्यांनी. दीड वर्षानं. गुडघे गेलेत त्यांचे, दोन टेबलं उरलीत. बसवलं. न मागता चहा दिला.

लेक कुठं हाय म्हणाल्या. सांगितलं, हल्ली येत नाही फारशी, मोठी झाली. आणि मग मनात होतं ते तोंडातून गेलं, की तुम्ही एवढा वेळ लावायचा, मी झोपून जायचो, पोरीचा विरस व्हायचा, म्हणून यायचं बंद केलं.

त्यावर काकू म्हणाल्या ते शब्द आहेत तसे लिहितो.

"मी कशाला वेळ लावू? ती पोरगी यायची माझ्याकडं. काकू, पप्पा झोपल्यात, उठंपर्यंत पिझ्झा लावू नका म्हणायची. तुम्ही हाललासा की मला हात करायची, मग मी ओव्हनात घालायची. लई उशीर झाला तर लाईट गेलती म्हणून सांगायचं, हे बी तिनंच ठरवलंतं."

चहा तसाच राहिला. पहिल्या दिवशी पण? विचारलं. पहिल्या दिवशी न्हाय, म्हणाल्या, त्या दिवशी मीच ढिली हुते. त्यातनंच तिला सुचलं असंल.

घरी आलो. आईनं काय झालं विचारलं. न्हाणीघरात जाऊन तोंड धुतलं, परत परत धुतलं.

रवि. ३ जून ०७

शैलाचा फोन. गि. अकरावी-बारावीला धारवाडला, मामाकडं राहणार. म्हणाली, "आता ती मोठी झाली. दर दुसऱ्या रविवारचं कसं जमणार? येईल तेव्हा येईल." आवाजात राग नव्हता. दमलेली वाटली, माझ्यासारखीच.

जायच्या आधी एक रविवार मागितला. सतरा तारीख. देते म्हणाली. कुठं, म्हणून विचारलं. काकूंकडं सांगितलं. हो म्हणाली.

रवि. १७ जून ०७

रात्रपाळी करूनच गेलो. साहेबांनी आठवडाभर बघू बघू केलं आणि शेवटी नाही म्हणाले.

गि. उंच झालीय, शैलाएवढी. आईनं धारवाडसाठी चटणीची बरणी दिली होती, ती तिनं दप्तरात ठेवली, अव्वाचं नाव न काढता. पिझ्झा सांगितला. बोलत बसलो. धारवाडला मामाचं घर कॉलेजजवळ आहे. कन्नड बोलता येतं पण लिहिता येत नाही, ते शिकायचंय. मी ऐकत होतो, आज एक शब्द सांडू दिला नाही. काकूंनी मला सांगितलंय हे तिला माहीत नाही, मीही बोललो नाही.

पाच वाजून गेले. आता पिझ्झा येणार, खाणार, संपणार. मी टेबलावर डोकं टेकलं आणि डोळे मिटले.

झोप नव्हती. वर्षानुवर्षं जी झोप कधीही यायची ती आज आलीच नाही. खुर्ची सरकल्याचं ऐकलं. तिची पावलं आत गेली. "काकू, पप्पा झोपले," हळू म्हणाली, "थांबा जरा." काकू म्हणाल्या, "बरं बाई."

परत येऊन बसली. पुस्तकाची पानं उलटल्याचा आवाज. एकदा माझ्या मानेवरून माशी हाकलली तिनं. मी हललो नाही. मान अवघडली, हाताला मुंग्या आल्या, तरी नाही.

सहाला मोपेड आली. हॉर्न. गि. उठून बाहेर गेली. काय बोलली ते ऐकू आलं नाही. शैलाचं "अगं पण" एवढंच आलं. मग इंजिन बंद झालं. स्टँडवर गाडी लावल्याचा आवाज. इतक्या वर्षांत तिनं इथं इंजिन बंद केलेलं मला आठवत नाही. आत आली नाही, व्हरांड्याच्या पायरीवर बसली असावी.

मी डोळे मिटूनच होतो. मी हललो की ती हात करणार, काकू ओव्हन लावणार आणि मग सगळं संपणार. म्हणून जेवढं थांबता आलं तेवढं थांबलो.

पिझ्झा खाल्ला. गि.नं एक तुकडा बाहेर नेऊन शैलाला दिला. निघताना पाया पडली. परत कधी येणार ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

दुसरा रविवार धरला तर पुढचा एक जुलैला येतो. त्याच्या आदल्या रात्रीची पाळी फौंड्रीतल्या पाटलांशी बदलून घेतली. चारला काकूंकडं जाऊन बसेन.