आंग ताणायला आडोसा

३ सप्टेंबर, बुधवार

माझी कोमल आज मांजरसुंब्याच्या चौकापतोर पळून आली. तोंड कसं लालबुंद झालतं पोरीचं! पोलीस भरतीचं ग्राउंड, पळायची परीक्षा, याच महिन्याच्या शेवटी हाय. नात वर्दीत दिसली का मी मरायला मोकळी. न्हाई, थोडं थांबून. वर्दी दोन-चारदा बघून.

आल्यावर वट्ट्याला टाच लावून वाकली. अकॅडमीच्या मॅडमनं शिकवलंय. पळायच्या आदी पाय झुलवून आंग मोकळं करायचं, पळून आल्यावर सावकाश ताणायचं. तेवढ्यात दत्ता आला. पोटचा हाय माझ्या, पन बाप म्हनून लई कडक.
"रस्त्यावरून मानसं जात्यात. पाय फाकवून काय वाकती? पळायचं तं पळ, हे नाटक बंद."
पोरगी गुमान आत गेली. पळनं चालतंय, ताणनं चालत न्हाई. कावून, ते त्यालाच ठावं.

९ सप्टेंबर

घात झाला. पळता पळता मांडीत मागून चमक निघाली, रस्त्यातच बसली. गावातल्या एकानं गाडीवर आनून सोडली. बाप बोलला त्या दिसापून नुसती पळत होती, ताणनं बंद.
दत्ता म्हनतो, इळा तापवून डाग देऊ. लंगड्या गोऱ्ह्याला देतो तसा! मी मदीच बसले. "आदी मला डाग, मंग तिला." गेला बाहेर.

संध्याकाळी ऊसतोडीचा मुकादम आलता. कारखान्यावर जायला कोयत्याला जोडी लागती, नवरा-बायको. चकलांब्याचं स्थळ आनलंय. भरती हुकली का लगीन, न् लगीन झालं का उसात. मी त्यातच म्हातारी झाले. उसाच्या मोळ्या... जाऊ दे. ते लिहायला बसले तं भाकरी करपंल.

१५ सप्टें.

मॅडमचा फोन. कोमलनं आवाज मोठा करून मला बी ऐकवला. पळायचं न्हाई एवढ्यात. दुखनं उतरलं का हळूहळू ताणायचं, दुखंल तितं थांबायचं, झटके द्यायचे न्हाईत. मी इचारलं, "ताणलं का पाय परत धरत न्हाई ना?" म्हनल्या, "तसा शब्द न्हाई देत आजी. पन आंग आखडत न्हाई, पाऊल लांब पडतं."
खरं बोलली बाई. आवडली मला.

१९ सप्टें.

दत्ता शेतात गेला का आमी दोघी गोठ्यामागं. शेळ्या बघत्यात, बघू द्या. मी राखन करायला बसलते, मंग म्हनलं आपुन बी बघावं. हात पायाच्या बोटाला लागंनात.
"आजे, तू बी भरती होती का?"
"होते की. तुझ्या मोरं पळंन."
लई दिसांनी हसली पोरगी. माझी बी कंबर आज जरा हलकी हाय. उसात जलमभर वाकले, वाकून सरळ कसं व्हावं ते आत्ता कळालं.

२४ सप्टें.

दत्तानं बघितलं आमाला. तसाच माघारी वळला. जेवताना म्हनला, "माय, मी मुकादमाला शब्द दिलाय."
"न् पोरगी पास झाली तं?"
"तं बघू."
सून खाली मान घालून वाढत होती.

३० सप्टें.

आज ग्राउंड. निघायच्या आदी कोमलनं अंगनातच पाय झुलवले, रस्त्याकडं तोंड करून. दत्ता तोंड धूत होता. मी म्हनलं, "बघवत न्हाई तं आत जा." आत गेला न्हाई. पाठ करून हुबा राह्यला.
मी हळूच इचारलं, "पाय ओढतोय का गं?"
"थोडा. तुझ्या लेकाला सांगू नको."
मॅडमसंगं बीडला गेली.

आता दिस कलला. पोरीचा फोन बंद लागतोय. चकलांब्याचे पाव्हणे येऊन बसलेत, सून चहा करती. मी वट्ट्यावर पाय लांब सोडून बोटं धरायला बघतेय.
दत्ता आतून म्हनला, "माय, पाव्हणे हायेत. पाय आवर."
न्हाई आवरले.
बीडहून येनारी एस्टी आली. थांबली न्हाई, तशीच मोरं गेली. आनखी एक यायची हाय.