आई एकदम इंडिपेंडंट

रविवार, ८ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. तुम्ही सगळे मजेत असालच. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, म्हणून म्हटलं पत्रच टाकावं. पत्र मध्येच कट करता येत नाही.

इकडे सगळं ठीक. हॉस्पिटलच्या वॉर्डात नेहमीची गडबड. आई माझ्याकडे आहे हे तुला कळलं असेलच. नसेल, तर आता कळलं.

नातेवाइकांच्या ग्रुपवर तू टाकलेला व्हिडिओ पाहिला. खुब्याच्या ऑपरेशननंतर आई तुझ्याकडे होती, तिला परत तिच्या फ्लॅटवर एकटीला सोडलंस त्या दिवशीचा. ती ओट्याशी उभी राहून चहा करतेय आणि खाली तू लिहिलंयस, 'आई एकदम इंडिपेंडंट!' मामापासून सगळ्यांनी लाइकचे अंगठे टाकले. मी नाही टाकला. मी फिजिओ आहे रे. मला चहा दिसलाच नाही, तिचा डावा हात दिसला. ओटा घट्ट धरलेला, सगळा भार चांगल्या पायावर. तू हस म्हणालास, तर बिचारी हसलीसुद्धा.

आमच्या वॉर्डातही हा शब्द रोज वापरतात. पेशंट पलंगावरून उठून बाथरूमपर्यंत जाऊन आला की आम्ही म्हणतो, इंडिपेंडंट. पण तो चालत असताना आमच्यातलं कुणीतरी हातभर अंतरावर मागे असतं. हात लावायचा नाही, पण नजर काढायची नाही. तू शब्द तेवढा उचललास आणि मागचं माणूस काढून टाकलंस.

आणि आपल्या घराला तो शब्द नवीन कुठे आहे? नोकरीसाठी मी खोली घेऊन एकटी राहिले, तेव्हा बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, पोरगी फार इंडिपेंडंट झालीय. अशा आवाजात, की ऐकणाऱ्याला वाटावं मला कावीळ झालीय. बघायला आलेल्या मंडळींनीही तेच कारण देऊन नकार कळवला. तू तेव्हा दाराआडून खुसूखुसू हसायचास. बाईला कोणी नको असलं की ती शिवी, आणि बाई कोणाला नको असली की तेच कौतुक. वा रे वा!

रागाने लिहितेय, असू दे.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. त्याच आठवड्यात आई बाथरूमच्या दारात पडली. हाड मोडलं नाही, नशीब. शेजारणीने मला फोन केला. तुला कळवायचं नाही, अशी आईने मला शपथ घातली होती, ती मोडतेय. तुला टेन्शन येईल म्हणे! तिला माझ्याकडे आणताना गाडीत मी तुझ्याबद्दल नको नको ते बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, तो इंडिपेंडंट म्हणाला तेव्हाच मला कळलं. माझ्याकडे राहू नकोस, असं म्हणतोय. एवढं इंग्रजी मला येतं."



तरीही गंमत ऐक. मी तिला माझी खोली दिली, रजा काढली, तिचे पाय चेपते. आणि ती? बेल वाजली की मान वर करते. मी दिसले की म्हणते, "तू होय." कपड्यांची बॅग उघडायला तयार नाही, थोड्या दिवसांसाठी कशाला म्हणे. जन्मभर जवळ मी, आणि वाट तुझी. या वयातही वाईट वाटतं रे. तुझ्याशी माझं जे भांडण आहे, त्यातलं निम्मं याचंच आहे.

काल तिने विचारलं, बारक्याचा फोन आला होता का? मी हो म्हणाले. तो पुढच्या शनिवारी न्यायला येतोय, असंही सांगून टाकलं. तेव्हापासून ती, मी न सांगताच, व्यायाम करते. भिंतीला धरून खोलीत फेऱ्या मारते, थकली तरी थांबत नाही. तुझ्या घरी गेल्यावर कुणाला आपला त्रास नको म्हणून.

तू येणार नसशील, तर तसं तिला तूच फोन करून सांग. माझ्याने होणार नाही.

तुझी,
अजून तरी ताई