राहीआत्याच्या गाईचे चुलत विषाणू

पोलादपूर, शनिवार, ८ तारीख

चि. अनुपमास,

सुनीलदादाचे अनेक आशीर्वाद. (तुझ्या नावामागे आता डॉक्टर लागतं, पण मी तुझ्याहून सहा वर्षांनी मोठा चुलत भाऊ आहे, हे अजून कोणत्याही प्रयोगशाळेत खोटं ठरलेलं नाही.) इकडे सगळं ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा पायऱ्या दिसल्या की दुखतो आणि सपाटीवर विसरतो. तुझी प्रकृती कशी आहे, आणि तुझ्या त्या पिंजऱ्यांतल्या उंदरांची? मागच्या खेपेला त्यांच्याबद्दल तू ज्या आपुलकीने बोलत होतीस, तशी नातेवाइकांबद्दल बोलल्याचं मला स्मरत नाही. फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तू 'मीटिंगमध्ये आहे' म्हणतेस. पत्राला तसं सांगता येत नाही.

विषय कुडपणचा आहे. अठरा तारखेला, मंगळवारी, तिथे चौदा वर्षांच्या मुलींना लस द्यायची आहे. ज्या विषाणूमुळे पुढे बायकांना गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होतो आणि ज्याच्यापायी तू बावीस वर्षं सूक्ष्मदर्शकावर वाकून मान आखडून घेतलीस, त्याच्याविरुद्धचीच. गावात अशा अकरा मुली. आपल्या राहीआत्याची नात सेजल त्यांपैकी एक. आया तयार होईनात, म्हणून आरोग्यसेविका सुप्रियाताईंनी मला गाठलं. म्हणाल्या, "सर, तुमच्या बहिणीचंच काम आहे, तुम्हीच समजावून सांगा." संस्कृतच्या मास्तराने कर्करोगावर काय बोलायचं, हा प्रश्न मलाही पडला, पण बोलायला बोलावलं आणि मी नको म्हणालो, असं आजवर घडलेलं नाही.

तयारी म्हणून तू पाठवलेला तुझा शोधनिबंध तीनदा वाचला. पहिल्या वेळी त्यातलं फक्त तुझं नाव कळलं. तिसऱ्या वेळी मात्र मला त्याची चटक लागली. विषाणू स्वतः काहीच करत नाही, खात नाही, वाढत नाही, हे किती विलक्षण आहे. तो नुसता सूत्रासारखा. दोन ओळींचा. पेशीत शिरला की ती बिचारी भाष्यकारासारखी कामाला लागते आणि मूळ सूत्रकाराला स्वप्नातही सुचलं नसतं इतकं लिहून काढते. त्यातच एखादी पेशी थांबायचं कसं हे विसरते, आणि तिथून पुढचं सगळं अनर्थाचं. (हा विसर वक्त्यांमध्येही आढळतो, पण त्यावर लस निघालेली नाही.) बहुतेक बायकांचं शरीर या पाहुण्याला ओळखून वर्षा-दोन वर्षांत हाकलून देतं, थोड्याजणींत मात्र तो वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतो. या थोड्याजणींतच का, हे अजून पुरतं ठाऊक नाही, असं तू शेवटी सरळ लिहून टाकलं आहेस. बावीस वर्षांनंतर 'ठाऊक नाही' असं लिहिता येतं आणि त्याबद्दल कुणी छडी मारत नाही, हे वाचून मला माझ्या व्यवसायाचा प्रथमच पश्चात्ताप झाला.

तर सभा देवळात. चाळीसेक बायका. तुझी कारकीर्द मी पहिल्यापासून सांगितली. तू नऊ वर्षांची असताना आत्याच्या गोठ्यात पंधरा दिवस गाईच्या मानेवरचे चामखीळ मोजत बसली होतीस. आत्याने फक्त सर्वांत मोठ्याला, महाबळेश्वरच्या घोडेवाल्याकडून आणलेला शेपटीचा केस बांधला होता. तो गळला, आणि मागोमाग न बांधलेलेही गळले. बाकीच्यांना कुणी सांगितलं, असं तू विचारलंस, आणि आत्याने तुला शेण काढायला लावलं. गाईच्या शरीराने शत्रू ओळखला असावा, हे उत्तर मिळायला तुला पुणं आणि परदेश दोन्ही करावं लागलं. बायका रंगून ऐकत होत्या. इथे मी थांबायला हवं होतं. पण मी म्हणालो, की गाईला चामखीळ आणणारा विषाणू आणि बायकांना कर्करोग आणणारा विषाणू हे एकमेकांचे चुलत भाऊ.

कुडपणात 'चुलत' या शब्दाने काय होतं, ते मला कळायला हवं होतं.

"चुलत म्हंजे भावकीच की," जानकीबाई म्हणाल्या. "मग येणंजाणं असंलच."

मी म्हणालो, "येणंजाणं नाही. गाईचा गाईकडे, माणसाचा माणसाकडे."

"भांडाण हाय का त्यांचं?"

"भांडण कसलं? नाही."

"भांडाण नाय, तर येत कसे नाय?"

याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर कळव. आत्याच्या हल्लीच्या गाईच्या मानेवरही चामखीळ आहेत, हे सगळ्या गावाला माहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी महादूने, जो गावचं दूध मोटरसायकलवरून पोलादपुरात आणतो त्याने, आत्याचं कॅन हात न लावता बाजूला ठेवलं. दुपारपर्यंत शेजारणींनी विरजणही परत केलं. मी स्वतः त्या गाईचं तापवलेलं दोन पेले दूध चारचौघांत प्यायलो, त्याचा काही परिणाम झाला नाही. "तू काय," आत्या म्हणाली, "तू कुठं बी कायबी पितोस. अनूला बोलव. ती सगळ्यांम्होरं माज्या गाईचं दूध पिऊ दे, मग सेजल सुई घेईल. नायतर गाय बी घरात नि पोर बी घरात." बाकीच्या दहाजणी आत्याकडे डोळे लावून बसल्या आहेत. म्हणजे अकरा मुलींची लस सध्या तुझ्या एका पेल्यावर आहे. सतराला, सोमवारी रात्रीच्या गाडीने निघालीस तर बरं.

तुझा,
सुनीलदादा

ता. क. येताना तो पांढरा कोट आण. साध्या पंजाबी ड्रेसवर आलीस तर तू इथे नुसती अनूच राहशील, आणि अनूला सगळ्यांनी शेण काढताना पाहिलेलं आहे.

ता. क. दुसरा. वर लिहिलेलं सगळं घडलं, पण सभा काही गाईमुळे मोडली नाही. भावकीचं बोलणं हसतखेळतच चाललं होतं. शेवटी आत्याने विचारलं, "सुन्या, तुजी मानसी बी चौदाचीच ना? तिला दिलीस?" मी तांब्या उचलला आणि बराच वेळ पाणी प्यायलो. तेवढ्यात बायका एकेक करून उठल्या. पोलादपुरात ही लस महिन्यापूर्वीच आली. संमतीचा कागद तेव्हापासून माझ्या खिशात आहे, सही राहिली आहे. विषाणूवर मी दोन तास बोलू शकतो, पण माझ्या मुलीच्या दंडाला सुई टोचणार म्हटलं की मला एक अक्षर आठवत नाही. तुझा निबंध तीनदा वाचला तो गावासाठी नव्हे. मला हवं होतं ते त्यात कुठेच सापडलं नाही. म्हणून दुधाचं राहू दे, एवढंच लिही: तुझी मुलगी असती, तर तू काय केलं असतंस?

ता. क. तिसरा. पाकीट बंद करायच्या आधी मानसीने हे वाचलं. (विचारून नव्हे.) मग पेन आणून दिलं आणि सही होईपर्यंत समोर उभी राहिली. मंगळवारी ती इथे न घेता कुडपणला येऊन सगळ्यांच्या आधी घेणार आहे, तसं सुप्रियाताईंना तिने परस्पर कळवलंही. तेव्हा तुझ्या उत्तराची आता घाई नाही. तू मात्र ये. मुली आत जातील, तेव्हा बाहेर ओट्यावर माझ्याजवळ कुणीतरी बसायला हवं.