सुंदररावांची हायजेनिक सहल

गुरुवार, ९ ऑक्टोबर
रविवारी कपिलधारच्या धबधब्यावर जायचं. मेहुणा अभिमन्यू नवी गाडी घेऊन दिंद्रुडहून केजला येतोय. मागची सहल आठवली की अजून शिसारी येते. एकाच पेपरवर सगळ्यांचे हात, मटकीत मुंग्या, एकाच तांब्याला सगळ्यांची तोंडं. शी! यंदा पॅकिंग माझ्याकडे. रोहिणीला ठणकावून सांगितलं. ती मोबाईल बघत बरं म्हणाली. ऐकणारी बायको मिळायला नशीब लागतं.

शुक्रवार
धपाटे बंद. तेलकट बोटं, तीच मग सीटला. चीज-मेयोनीज सँडविच न्यायचे. शिवाय हातमोजे, वेट वाइप्स, सॅनिटायझर. मुक्कामाला आलेल्या सासूबाईंनी बाटली हुंगली आणि विचारलं, ‘‘जावाईबापू, हे मलम कशावरचं हाय?’’ बाटली वाइपने पुसून परत ठेवली.

शनिवार, संध्याकाळ
सँडविच तयार. डबा सील. रोहिणी म्हणाली, फ्रीजमधी ठेवा, लई उकडतंय. फ्रीजमध्ये उघडं दही, चिरलेला कांदा, परवाची भेंडी. त्या घाणीत माझे सँडविच? खिडकीत ठेवले. हवा खेळती राहते.

रविवार, सकाळी
निघालो. सासूबाईंच्या मांडीवर फडक्यात बांधलेलं गाठोडं. धपाटेच. या माणसांना सुधारणं देवाच्याही हातात नाही.

दुपारी, धबधब्यापाशी
डबा उघडला. लेक राजनंदिनीने नाक दाबलं. पप्पा, सॉक्ससारखा वास येतोय म्हणाली. चांगल्या चीजचा येतोच, मी समजावलं. सगळे धपाटे-दह्यावर तुटून पडले, वर बोटं चाटली. बघवेना. अभिमन्यू म्हणाला, ‘‘दाजी, नका खाऊ, ते नासलंय.’’ नवी गाडी घेतली की माणसाला अक्कल फुटते! त्याच्या समोर बसून चार खाल्ले. हातमोजे घालून.

संध्याकाळ
परतताना मांजरसुंबा ओलांडलं. गाडी थांबव म्हणायला तोंड उघडलं, पण बाहेर शब्द नाही, सँडविच आले. नवी सीट गेली. सासूबाईंचं लुगडंही. त्यांनी पदराने माझं तोंड पुसलं, ‘‘व्हतंय बाबा, पानी घ्या,’’ म्हणाल्या. नको म्हणायला अंगात ताकद नव्हती. अभिमन्यू काचा खाली करून, डोकं बाहेर काढून गाडी चालवत होता. धोकादायक सवय. सांगायला हवं.

बुधवार
अजून पेजेवरच. अभिमन्यूचा रोहिणीला फोन. सीट दोनदा धुतली, वास जाईना म्हणे. येत्या रविवारी परत जायचं ठरलंय, धनेगावच्या धरणावर. मी लगेच पॅकिंगचा विषय काढला. रोहिणी म्हणाली, तुम्ही घरीच थांबा. राजनंदिनीने टाळ्या वाजवल्या.
बरोबर आहे. एवढं घर टाकून सगळ्यांनीच जायचं म्हणजे काय? मागे कुणीतरी जबाबदार माणूस लागतोच.