कॅल्शियमची उघाडी

दातिवरे,
बुधवार

प्रिय मेघाली,

पत्र बघून हसशील, आत्याला फोन महाग झाला की काय म्हणून. अगं, फोनवर तू मध्येच “काय झालं?” म्हणशील, मला रडू फुटेल आणि सांगायचं तेच राहून जाईल. रविवारी तुझा आणि आमच्या ललितचा साखरपुडा. त्याआधी एक गोष्ट तुला कळायलाच हवी, आणि ती तुझ्यापासून लपवायची असं इथे ठरलंय. माझा जीव नुसता टांगणीला लागलाय. कालपासून दोनदा भात करपवला.

आमच्या धाकट्याच्या, दिगूच्या आजाराचं नाव अखेर कळलं. लांबलचक इंग्रजी नाव आहे, माझ्या तोंडात बसत नाही. तो जिना चढताना गुडघ्यावर हात टेकायचा आणि शाळेतले सर त्याला आळशी म्हणायचे, आठवतं ना? आता हातही थरथरतात. पाण्याचा पेला सांडला की माझ्याकडे न बघता गुपचूप पुसून टाकतो. मुंबईच्या डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. तू बी.एस्सी. झालेली, पेशीतलं मायटोकाँड्रिया तुला मी काय सांगणार! अंगातली ताकद तिथे तयार होते म्हणे. त्याच्या पापुद्र्यात एक बारीक वाट असते, चॅनेल, तिच्यातून कॅल्शियम आत जातं, पण गरजेपुरतंच. त्या वाटेवर एक राखणदार प्रथिन असतं, आणि दिगूच्या अंगात नेमकं तेच बनत नाही. नको तेव्हाही कॅल्शियम आत झिरपत राहतं आणि ताकद बनवणारी जागाच थकून जाते.

मला काही उमजेना. आमचे हे एकदम म्हणाले, “म्हणजे खारबांधाची उघाडी मिटत नाय, असंच ना?” बाईंना उघाडी कुठली माहीत असणार! भरतीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून बांधात बसवलेली ती लाकडी झडप यांनी हातवारे करून दाखवली, तेव्हा बाई म्हणाल्या, अगदी तसंच. परतीच्या वाटेवर हे खिडकीतून शेतंच बघत होते. खारं पाणी शिरलेल्या भातशेतीचं पुढे काय होतं, ते त्यांना चांगलं ठाऊक आहे.

घरी आलो तर सासूबाईंनी ‘कॅल्शियम’ एवढाच शब्द पकडला. दुसऱ्या दिवसापासून दिगूचं दूध बंद, नाचणीची भाकरी बंद, जवळ्याची चटणीसुद्धा बंद! पोरगं बिचारं वरणभात गिळत होतं. खाण्याचा याच्याशी काही संबंध नाही, असं बाईंनी स्वतः फोनवर सांगितलं तेव्हा कुठे त्यांनी दूध परत दिलं. हसू आलं गं, पण तेवढ्यापुरतंच. या आजारावर आज तरी औषध नाही. जपायचं, एवढंच आपल्या हातात.

आता नीट ऐक. हा दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच आजार होतो. एकाकडूनच आला तर माणूस धडधाकट राहतो, त्याला पत्ताही नसतो. बाईंनी विचारलं, तुमचं लग्न नात्यातलं का? माझी सासू म्हणजे माझी सख्खी आत्या, तुझ्या बाबांचीही. मामाची मुलगी सून करून आणायची, याचं आपल्याकडे केवढं कौतुक! मी तर तू पाळण्यात होतीस तेव्हापासून तुला सूनबाई म्हणतेय. पण जे माझ्यात आहे ते तुझ्या बाबांमध्ये असू शकतं, आणि मग तुझ्यातही. ललितची तपासणी झाली. तो ठणठणीत आहे, पण दोष त्याच्याकडे आलाय. तुझ्यातही निघाला, तर तुमच्या प्रत्येक बाळाला चारात एक धोका. मेघालीला कळवू या, एवढंच मी म्हटलं, तर सासूबाई कडाडल्या, “घराला बट्टा लावतेस काय? कोणाला काय सांगायचं नाय.” यांनीसुद्धा माझी बाजू घेतली नाही. मला भीती वाटते गं, खूप भीती वाटते.

आणि ललित! परवा सालवडच्या त्याच्या भाड्याच्या खोलीवरून घरी आला तो जेवलाच नाही. शनिवारी तुला बोईसरला भेटून सांगणार आहे, की त्याचं दुसऱ्या मुलीवर मन आहे. खरं सांगितलं तर तू त्याच्यासाठी थांबशील, रागावलीस तर सुटशील, असा त्याचा हिशेब. मी भांडले, हाता-पाया पडले, ऐकत नाही. म्हणून आज हे लिहायला बसले. दुसरी कोणी नाही, मेघाली. तू रक्त तपासून घे, बाईंना भेट, मग हो म्हण नाहीतर नाही म्हण, मी तुला एका शब्दाने अडवणार नाही. पण शनिवारी तो काहीही बोलला तरी, आपण त्याला नको होतो असं समजून घरी जाऊ नकोस.

सून झालीस, नाही झालीस, तरी तुझीच,
विजूआत्या